‘हा धडा घरी वाचून घ्या’

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की १३ ते १८ वयाच्या मुलामुलींनी शाळेतल्या आरोग्याच्या तासाबद्दल मनात जे असेल ते पाठवावं, नाव नाही लिहिलं तरी चालेल. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. आली त्याच्या कितीतरी पट, काही चार-चार पानांची तर काही फक्त दोन ओळींची, आणि काही मोठ्या माणसांचीही आली. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांचं म्हणणं एकच होतं त्यांची एक-एक निवडलीये. आधी एक सांगते, कारण हे वाचून मला खूप बरं वाटलं. एकाही मुलाने ‘हा तास बंद करा’ असं लिहिलेलं नाही. सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं, की आम्हाला काय माहीत नाहीये ते आधी आम्हाला विचारा ना, मग शिकवा.

ताई, मी १५ वर्षांची आहे. आमच्या पुस्तकात शरीरातल्या बदलांचा धडा आहे. तो आला की मॅडम म्हणतात, ‘हा धडा घरी वाचून घ्या, परीक्षेला येणार नाही’ आणि पुढचा धडा सुरू. मागच्या वर्षी एकदा बाहेरून कोणीतरी आलं होतं, फक्त मुलींना हॉलमध्ये नेलं, अर्धा तास पाळीबद्दल सांगितलं आणि पॅडचं एक पाकीट दिलं. वर्गात परत आलो तर मुलं हसत होती. मला पाळी तेव्हा येऊन ३ वर्षं झाली होती, त्यामुळे त्यात नवीन काहीच नव्हतं. मला विचारायचं होतं की माझी पाळी कधी २५ दिवसांनी येते कधी ४० दिवसांनी, हे बरोबर आहे का, पण तिथे विचारायची सोयच नव्हती. असं स्पष्ट बोलावं वाटणं चुकीचं आहे का?

अगं, चुकीचं अजिबात नाही, आणि आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तोच इतके दिवस अडकलाय. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर असणं नॉर्मल धरतात, हळूहळू ते बसतं. तुझं २५ आणि ४० दोन्ही त्यात बसतंय. डॉक्टरांकडे कधी जायचं, तर रक्तस्राव ७ दिवसांच्या वर चालला, किंवा दर एक-दोन तासांनी पॅड भरून बदलावा लागत असेल, किंवा दुखणं इतकं की दर महिन्याला शाळा बुडते, किंवा ३ महिने पाळी आलीच नाही. आणि तुझ्या एखाद्या मैत्रिणीला १५ पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल तर तिनेही एकदा दाखवून यावं, घाबरून नाही, नुसतं बघून घ्यायला. तारखा वहीत लिहून ठेव म्हणजे डॉक्टरांना सांगायला सोपं जातं.

आता शाळेबद्दल. तू लिहिलंयस ते वाचताना मला जाणवलं की तीन चुका एकाच वेळी झाल्यात. पहिली म्हणजे उशीर. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४ मध्ये, म्हणजे बऱ्याच मुलींना हे सगळं माध्यमिक शाळेत पाय ठेवायच्या आधीच कळायला हवं असतं, आणि आपण त्यांना दोन-तीन वर्षांनी हॉलमध्ये बोलावून सांगतो. दुसरी, एकदाच सांगणं. गणित कोणी वर्षातून अर्धा तास शिकवतं का? आणि तिसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते, मुलांना बाहेर ठेवणं. ती हसली कारण त्यांना वाटलं आत काहीतरी लपवण्यासारखं चाललंय. ज्या वर्गात मी मुलं-मुली दोघांना एकत्र बसवून पाळी कशी येते, गर्भाशयाचं अस्तर कसं तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते का बाहेर पडतं हे फळ्यावर काढून सांगितलंय तिथे पहिली पाच मिनिटं हसू येतं आणि नंतर मुलंच प्रश्न विचारायला लागतात, एकाने विचारलं होतं की बहिणीचं पोट दुखतं तेव्हा मी काय करू शकतो. त्यानंतर अर्धा तास वेगवेगळं बसवावं, कारण काही प्रश्न मुली मुलांसमोर विचारणार नाहीत आणि मुलंही मुलींसमोर नाही. दोन्ही हवं, एकत्रही आणि वेगळंही.

तुझ्या मॅडमवर मी रागावणार नाही. त्यांनाही त्यांच्या वेळी कोणीतरी ‘घरी वाचा’ म्हणालं असणार. पण ‘परीक्षेला येणार नाही’ हे वाक्य मात्र कोणीच म्हणू नये.

मी मुलगा आहे, १६ चा. आमच्याकडे आरोग्य म्हणजे मुलींचा विषय असं झालंय. आमच्यासाठी काय तर व्यायाम करा, दात घासा, संपलं. माझ्या छातीला एका बाजूला गाठ आल्यासारखं झालंय, मी सहा महिने कोणाला सांगितलं नाही, खेळायला शर्ट काढत नाही. जिममधला दादा म्हणतो पावडर घे सगळं ठीक होईल. शाळेत हे कोणाला विचारायचं?

बाळा, सहा महिने एकट्याने टेन्शन घेऊन बसलास, आणि हे कोणीतरी वर्गात दोन वाक्यांत सांगितलं असतं तर लागलंच नसतं. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना छातीवर अशी थोडी वाढ होते, निपलच्या मागे बटणासारखी दुखरी गाठ लागते, कधी एका बाजूला कधी दोन्हीकडे. हार्मोन्स वरखाली होत असतात त्यामुळे. बहुतेकांची ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जाते. तरीही एकदा डॉक्टरांना दाखव, म्हणजे तुझी खात्री होईल, आणि गाठ कडक असेल, वाढत असेल किंवा निपलमधून काही येत असेल तर लगेच दाखव. पावडरीने ती जाणार नाही. साधी प्रोटीन पावडर ही एक गोष्ट झाली, पण जिममध्ये गोळ्या किंवा इंजेक्शनं म्हणून जे देतात त्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि तुझ्या वयात त्याने हाडांच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग लवकर बंद होतो म्हणजे उंची तिथेच थांबते, अंडकोष लहान होतात, आणि गंमत बघ, छाती उलट आणखी वाढू शकते.

आणि तू विचारलं नाहीयेस तरी एक गोष्ट सांगते, हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावी, कारण ही कुठल्याच वर्गात सांगितलेली मी ऐकलेली नाही. एका अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं, सोबत मळमळ किंवा उलटी, तर लाजत रात्र काढायची नाही. अंडकोष स्वतःभोवती पिळला जाऊन त्याचा रक्तपुरवठा बंद झालेला असू शकतो. १२ ते १८ या वयात हे जास्त होतं, साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर तो वाचतो, उशीर झाला तर बरेचदा काढावा लागतो. मुलं घरी ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात, कारण खरा शब्द उच्चारायची लाज वाटते. म्हणून मी प्रत्येक वर्गात आधी शरीराच्या अवयवांचे शब्द मोठ्याने म्हणायला लावते. पहिल्यांदा सगळे खाली बघतात. चौथ्यांदा नाही बघत.

झोपेत वीर्य जाणं, आवाज फाटणं, मित्राची उंची वाढली आणि माझी नाही, ही पत्रं पण मुलांकडून भरपूर आलीयेत. सगळ्यांना एकच उत्तर, हे सगळं नॉर्मल आहे, आणि उंचीचं म्हणाल तर मुलांची जोरात वाढ मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा होते त्यामुळे १३-१४ ला मुली उंच दिसणारच.

आमच्या शाळेत हेल्थ चेकअप असतं तेव्हा पीटीचे सर सगळ्यांसमोर वजन मोठ्याने वाचतात आणि दुसरे सर लिहितात. माझं वाचलं की मागून आवाज येतात. आता मी चेकअपच्या आधी दोन दिवस जेवत नाही. मी १३ वर्षांची आहे.

हे पत्र मी तीनदा वाचलं. राजा, दोन दिवस उपाशी राहणं थांबव, आणि घरात ज्याच्याशी तुझं पटतं त्या एका मोठ्या माणसाला आजच हे पत्र दाखव, अगदी हाच अंक हातात दे. खाणं बंद करायची सवय या वयात सुरू होते आणि मग सुटायला फार त्रास होतो, म्हणून मी हे इतक्या घाईने सांगतेय.

वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, मांड्या-कमरेला भरते, हे शरीर स्वतःहून करतं, त्यात तुझी काही चूक नाही. आणि नुसत्या वजनाच्या आकड्यावरून कोणाची तब्येत कळत नाही. मुलांसाठी वजन-उंचीचा हिशोब वय आणि लिंग बघून तक्त्यावर मांडावा लागतो, जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वयासाठी असे तक्ते २००७ मध्ये काढलेत. म्हणजे एकच आकडा १३ च्या मुलीसाठी एक सांगतो आणि १६ च्या मुलासाठी दुसरंच. मोठ्याने वाचून यातलं काय साधतं?

शिक्षकांनी हे वाचलं तर त्यांना विनंती, पडद्यामागे एकेकाला घ्या, आकडा कागदावर लिहा, दुमडून पाकिटात पालकांना द्या. एवढं करायला जास्तीचा वेळ लागत नाही.

मी १७ वर्षांची. शाळेत मानसिक आरोग्याची पोस्टर्स खूप आहेत, ‘बोला, मोकळे व्हा’ वगैरे. मी खरंच बोलले. काउन्सेलर मॅडमना सांगितलं की मला सकाळी उठावंसं वाटत नाही, कशातच मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना माहीत, तिसऱ्या दिवशी आईला फोन, आणि आठवड्याने मैत्रिणी विचारायला लागल्या तुला डिप्रेशन आहे का. आता मी कोणालाच काही सांगत नाही. आरोग्य शिक्षणात हे सगळं यावं असं लोक म्हणतात, पण माझा विश्वासच उडालाय.

तू सांगितलंस ते बरोबर केलंस. ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून ते सांभाळलं गेलं नाही. हे मी तुला सुरुवातीलाच सांगते कारण तू स्वतःलाच दोष देत असशील असं पत्रावरून वाटतंय.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयोगटात ७ पैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, आणि मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी अर्धे १८ वर्षांच्या आत सुरू झालेले असतात. म्हणजे तुझ्या वर्गात तू एकटी नाहीयेस, आणि शाळा हीच ती जागा आहे जिथे हे लवकर लक्षात येऊ शकतं. पण तू म्हणतेस तेच मला इतर १०-१२ पत्रांत दिसलं, पोस्टर आहे पण दरवाजा बंद करून बोलायची खोली नाही, खोली असली तर ती स्टाफरूमच्या शेजारी, आणि आत गेलं की अख्ख्या मजल्याला कळतं. मुलं मदत मागत नाहीत याचं कारण आपण नेहमी ‘लाजतात’ असं सांगतो. पत्रं वाचल्यावर मला वाटतं की बरेचदा ती लाजत नाहीत, त्यांनी एकदा करून बघितलेलं असतं.

आरोग्याच्या तासाला गुप्तता म्हणजे काय हा स्वतंत्र धडा हवा असं माझं ठाम मत आहे. काउन्सेलरने पहिल्या भेटीत, तू तोंड उघडायच्या आधी सांगायला हवं की इथे बोललेलं माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला तुझ्या सुरक्षेसाठी सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून, कोणाला काय सांगायचं हे दोघींनी मिळून ठरवून. हे सांगितलं गेलं नाही तर तुला विचारायचा हक्क आहे. सरळ विचार, ‘हे तुमच्यापुरतं राहील ना? कोणाला सांगणार असाल तर कोणाला?’ उत्तर गोल गोल आलं तर तिथे थांबलीस तरी चालेल, पण मग दुसरं माणूस शोध. शाळेतलीच कोणीतरी हवी असं नाही, घरच्या डॉक्टर, मावशी, मोठी चुलत बहीण, कोणीही जी ऐकून घेते.

तू लिहिलंयस की उठावंसं वाटत नाही, मन लागत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त रोज असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात, म्हणून डॉक्टरांना भेटणं पुढे ढकलू नकोस. आणि मनात कधी जगणं नको असा विचार येत असेल तर त्या क्षणी एकटी राहू नकोस, जवळच्या माणसाला त्याच शब्दांत सांग, नाहीतर हेल्पलाइनला फोन कर किंवा थेट दवाखान्यात जा. मी हे उघड विचारतेय कारण असं विचारल्याने कोणाच्या मनात तो विचार नव्याने येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. हे तुझ्या मैत्रिणींनाही माहीत असू दे, कारण मुलं पहिल्यांदा सांगतात ती मित्रमैत्रिणींनाच. मैत्रिणीने ‘कोणाला सांगू नकोस’ म्हटलं तरी जिवाचा प्रश्न असेल तर मोठ्या माणसाला सांगायचं, ती रागावली तर रागावू दे.

मला पुन्हा लिही. उत्तर अंकात नको असेल तर पत्रावर तसं लिही, मी स्वतंत्र पाठवीन.

व्यसनाच्या तासाला दरवर्षी तीच काळी फुफ्फुसं दाखवतात. आता कोणी घाबरत नाही. आमच्यात जे व्हेप (ई-सिगारेट) करतात ते म्हणतात यात धूरच नाही मग काळं कसं होईल. (वय १४, मुलगा)

तुझं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि त्यामागे मोठा अनुभव आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, पोलीस अधिकारी वर्गात येऊन ड्रग्जबद्दल सांगायचे, नाही म्हणा म्हणायचे. तो देशभर पसरला, पालकांना फार आवडायचा. नंतर संशोधकांनी तपासलं तर तो घेतलेली मुलं आणि न घेतलेली मुलं यांच्या व्यसनात पुढे जाऊन टिकणारा फरक काही सापडला नाही, आणि शेवटी त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. नुसती भीती घातली तर मुलं दोन दिवस घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी बघतात की पिणारा मित्र तर मस्त पळतोय, मग पूर्ण धड्यावरचाच विश्वास जातो.

व्हेपचं तुझ्या मित्रांना असं सांग. धूर नाही हे खरं, जळत काही नाही, पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं आणि सवय निकोटिनची लागते. मेंदूचा जो भाग ‘थांब, विचार कर’ म्हणतो तो साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणून या वयात सवय पटकन लागते आणि सुटायला जास्त त्रास होतो. फळांचे, चॉकलेटचे वास त्यात कोणासाठी घालतात याचा विचार वर्गात एकदा करायला हवा, मुलांना आपल्याला कोणीतरी गिऱ्हाईक बनवतंय हे कळलं की जो राग येतो तो काळ्या फुफ्फुसापेक्षा जास्त टिकतो. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे सराव. चार मित्रांनी घेरलंय, एकाने हातात ठेवलं, आता तू काय म्हणशील, हे वर्गात उभं राहून करून बघायचं. ‘नको रे, मला मॅच आहे’ एवढं वाक्य तोंडात बसलेलं असलं तरी पुरतं.

सर म्हणतात ८ तास झोपा. पण रात्री ११ च्या आधी झोपच येत नाही आणि शाळा सकाळी ७ ला असते. मी आळशी आहे का? (वय १५)

नाहीस. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, लहानपणापेक्षा एक-दोन तास उशिरा. मोबाइलमुळे ते आणखी पुढे जातं हे खरं, झोपायच्या आधी तासभर तो दुसऱ्या खोलीत ठेवून बघ, पण सगळा दोष मोबाइलचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू झाला. झोपेचा धडा शिकवणाऱ्या शाळेने स्वतःची घंटा किती वाजता होते तेही बघावं.

मी शिक्षिका आहे. आरोग्याचा तास माझ्याकडे आहे पण परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो घेतात आणि मीही देऊन टाकते, खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटतं. मुलं काय विचारतील याची भीती वाटते. मला कोणी हे शिकवायला शिकवलेलंच नाही. काय करू?

तुम्ही इतकं प्रामाणिक लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. तुमचं शेवटचं वाक्य प्रशिक्षण ठरवणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

मला स्वतःला ज्याने वाचवलं ती म्हणजे चिठ्ठ्यांची पेटी. बुटाचा जुना खोका घ्या, वर फट पाडा, आणि प्रत्येकाला सारख्या आकाराचा कागद द्या. महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांनी लिहायचंच, ज्याला काही विचारायचं नाही त्याने आज काय खेळलो ते लिहावं, म्हणजे कोण लिहितंय हे कळत नाही. खोका घरी न्या, निवांत वाचा, जे येतं त्याचं उत्तर तयार करा, जे येत नाही ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या तासाला स्वतः वाचून उत्तरं द्या. अचकट विचकट चिठ्ठी आली तर बरेचदा तिच्या आत खरा प्रश्न असतो, तो साध्या शब्दांत करून वाचा, मुलांना कळतं की मॅडम चिडल्या नाहीत. आणि मध्येच कोणी काही विचारलं तर ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ म्हणा, आणि पुढच्या वेळी नक्की सांगा. माझा अनुभव असा की यामुळे मुलांचा विश्वास वाढतो.

तास जाण्याचं म्हणाल तर त्याचं कारण उघड आहे, ज्याला मार्क नाहीत त्याचा तास कोणीही उचलतं. फिनलंडमध्ये २००१ च्या कायद्याने आरोग्य हा स्वतंत्र विषय झाला आणि २००७ पासून शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेतही तो घेता येतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत तो सक्तीचा झालाय. मार्क असावेत का यावर मुलांच्या पत्रांत मात्र दोन तट आहेत, काही म्हणतात मार्क द्या म्हणजे तास जाणार नाही, काही म्हणतात मार्क आले की पाठांतर येईल आणि आम्ही खरं विचारणार नाही. मला विचाराल तर लेखी परीक्षा नको, पण हाताने करून दाखवायचं काहीतरी नक्की हवं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्तप्रवाह चालू कसा ठेवायचा (सीपीआर) हे घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं. नॉर्वेने हे शाळांमध्ये १९६१ पासून सक्तीचं केलंय. १२ वर्षांच्या पुढच्या मुलांना वर्षाला फक्त दोन तास शिकवावं या मोहिमेला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही पाठिंबा दिला. तुम्ही या धड्यापासून सुरुवात करा. यात लाजण्यासारखं काही नाही, मुलं जमिनीवर बसून उत्साहाने करतात, आणि एकदा तुमच्याशी बोलायला लागली की बाकीचे अवघड विषय आपोआप सोपे जातात.

पण पुढच्या वेळी गणिताच्या सरांना तास देऊ नका, प्लीज.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. हे सगळं इतक्या लवकर सांगितलं तर मुलं नको त्या गोष्टी करून बघणार नाहीत का?

ही काळजी बऱ्याच पालकांना असते. युनेस्कोने शाळांसाठी याबद्दलचं मार्गदर्शन २००९ मध्ये काढलं आणि २०१८ मध्ये सुधारलं, तेव्हा जगभरचे अभ्यास पुन्हा तपासले, आणि त्यात दिसलं की हे शिक्षण दिल्याने मुलांचे लैंगिक संबंध वाढत नाहीत, धोकेही वाढत नाहीत, माहिती मात्र सुधारते. आणि तुमच्या मुलाला हे कळणारच आहे, प्रश्न फक्त कोणाकडून एवढाच. वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या मोबाइलवर चुकीचं बघून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. कोणी नको तिथे हात लावला तर सांगायला त्याच्याकडे शब्द तरी हवेत ना.

आम्ही वर्गातल्या ५ जणांनी ठरवलंय की मुख्याध्यापकांना लिहून द्यायचं, आम्हाला आरोग्याचा तास नीट हवाय. काय लिहू? ते म्हणतील तुम्हाला काय कळतं. (वय १६)

शाब्बास! ‘तुम्हाला काय कळतं’ याचं उत्तर आधी देते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की मुलांशी संबंधित बाबतीत मुलांना आपलं मत मांडायचा हक्क आहे आणि वय-समज बघून त्या मताला वजन द्यायचं. अर्जाच्या पहिल्या ओळीत मात्र कलम टाकू नका, समोरचा माणूस बचावात जातो, ते राखून ठेवा.

आधी वर्गात निनावी चिठ्ठ्या गोळा करा, एकच प्रश्न, ‘आरोग्याबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय?’ जागतिक आरोग्य संघटना २००३ पासून वेगवेगळ्या देशांत शाळेतल्या मुलांकडून अशीच नावाशिवाय माहिती भरून घेते, त्यामुळे यात वावगं काही नाही. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न अर्जाला जोडा, मुलांच्याच शब्दांत, फक्त कोणी ओळखू येईल असं काही असेल तर ते काढा. मागण्या तीनच ठेवा, जास्त लिहिल्या की एकही होत नाही. महिन्याला ठरलेले दोन तास जे दुसऱ्या विषयाला जाणार नाहीत, वर्गात चिठ्ठ्यांची पेटी, आणि काउन्सेलरसाठी दार बंद होणारी खोली, तुमच्याकडे ती आधीच असेल तर तिसरी मागणी तुम्ही ठरवा. कोणत्या शिक्षकांनी धडा सोडला त्यांचं नाव लिहू नका. पाचही जणांनी सह्या करा, त्यात मुलं आणि मुली दोन्ही असू द्या, एक कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि पंधरा दिवसांनी जाऊन विचारा. काय म्हणाले ते मला कळवा, पुढच्या अंकात तुमच्यासाठी जागा राखून ठेवतेय.